पाणी जिथे, तण तिथे

थंड देशांत हिरवळीचं वर्ष वसंतात सुरू होतं. बर्फ वितळतं, माती दहा-बारा अंशांपर्यंत कोमट होते, थंडीभर निपचित पडलेलं बी हलायला लागतं आणि तिथले लोक त्याच दिवसांत खत, तणनाशक आणि गवत कापायचं यंत्र बाहेर काढतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, चैत्र लागतो तेव्हा पळस फुलून ओसरलेला असतो आणि दुपारचा पारा चाळिशीच्या पुढे निघालेला असतो. इथली माती कधी गोठत नाही. तिच्यातलं बी अडून राहतं ते कोरडीमुळे. त्यामुळे चैत्रात इथल्या दारात तण उगवायचं म्हटलं तर एकच जागा उरते : आपण पाणी सोडतो ती.

हे इतकं सरळ असूनही त्यावर एका मामी-भाच्यात चांगला तासभर वाद चालला, आणि तो ऐकण्यासारखा होता. भाच्याला पुण्याची नोकरी घरून करायची सोय मिळाली, तसं त्याने मामीच्या शेजारीच घर बांधलं आणि समोर वीस बाय तीस फुटांची हिरवळ लावली. मामीचं आयुष्य निंदणात गेलेलं, आधी दुसऱ्याच्या वावरात मजुरीने, मग स्वतःच्या. तिचं अंगण शेणाच्या सड्याचं, आणि मागच्या बाजूला वांगी, टमाटे, वालाचा मांडव.

पाठीवर पंप अडकवून भाचा कुंपणाशी आला. "मामी, वाल आणि टमाट्यांवर जरा काही तरी झाका. मी लॉनवर तणनाशक मारतोय."

"कोनतं?"

"दोन आणलीत. टू-फोर-डी रुंद पानाचं तण मारतं, गवताला धक्का लावत नाही. ते लॉनवर. आणि भिंतीच्या कडेने ग्लायफोसेट."

"अन् वारा कोनीकडून हाय?"

भाच्याने वाऱ्याकडे पाहिलं नव्हतं. वारा त्याच्या घराकडून मामीच्या परसाकडे होता. टू-फोर-डी हे झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करणारं रसायन. गवताच्या जातीच्या झाडांना ते सोसतं; रुंद पानाचं झाड मात्र वेडंवाकडं वाढून पिळवटून मरतं. टमाटा, द्राक्ष, कपाशी यांना ते इतकं झोंबतं, की वाऱ्यावरून आलेला नुसता शिंतोडाही पुरतो. मामीला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

"इल्लीचं औषध माराले एका साली आमी उसना पंप आनला होता," ती म्हणाली. "त्याच्यात आधी कोनी तननाशक भरलं होतं, धुतलं नव्हतं. आठ दिवसांत कपाशीचं पान भेंडीच्या पानासारखं झालं. बोटं फुटल्यावानी, लांब लांब. शेंड्याची नवी पानं तं नुसत्या चिंध्या. मी रोज जाऊन पाहो, आता सुधरन, मंग सुधरन. ते ओळीच्या ओळी तशाच राह्यल्या."

"मी पंप वेगळा ठेवलाय."

"पंप वेगळा हाय. वारा वेगळा नाई."

भाच्याने पंप उतरवून ठेवला, पण मुद्दा सोडला नाही. तो म्हणाला, "मामी, तणनाशकाला तुम्ही नावं ठेवावीत याचं मला नवल वाटतं. 2019 च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात, अकोली जहागीरला, शेतकरी संघटनेने सरकारची मनाई असलेलं तणनाशक सोसणारं कपाशीचं बियाणं उघड-उघड पेरलं. का पेरलं? निंदायला माणूस मिळत नाही म्हणून. मिळालं तर परवडत नाही म्हणून. आणि निंदतं कोण? बायाच. दिवसभर वाकून, उकिडव्या बसून. तुमच्या गुडघ्यांची आज जी गत आहे ती कशाने झाली? एक फवारणी त्या सगळ्या बायांची कंबर वाचवते."

मला वाटलं होतं, मामी याला विरोध करेल. तिने केला नाही. "खरं हाय," ती म्हणाली. "वावरात मी ना नाई म्हनत. पाच एकर निंदाले आता कोन येते? अन् मी तं कोन्या सुनेले म्हननार नाई का माह्यासारखी ओळीत बस. पन वावर गावाबाहेर असते बाबू. मारलं का दोन दिवस तिकडं कोनी जात नाई. तुह्या दारात लेकरू रांगते. हातात येईन ते तोंडात घालते. पाच एकराचं गाऱ्हानं तू अर्ध्या गुंठ्याले काहून सांगतं?"

दारातल्या फवारणीविरुद्ध मी जे जे ऐकलं-वाचलं आहे, त्यात याहून नेमकं बोलणं मला आठवत नाही. तणनाशक ही मजुरांच्या टंचाईतून आलेली गरज आहे, आणि शेतात ती गरज खरी आहे. अंगणात मजुरांची टंचाई नसते. तिथे संध्याकाळचा अर्धा तास आणि एक खुरपं पुरतं. आणि जोखीम तर अंगणातच जास्त, कारण तिथे अनवाणी पाय आणि उघडे हात रोज त्या मातीला लागतात. ग्लायफोसेटबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2015 मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' असा निर्वाळा दिला. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्थांना तो मान्य नाही. तो वाद तज्ज्ञांचा. पण ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला तो साधा होता : हे औषध परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांनीच वापरावं, इतर कोणी नाही. विदर्भातल्या माणसाला याचं कारण समजावून सांगावं लागू नये. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती. पण पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगाने, तोंडाला काही न बांधता फवारणारा माणूस तोच.

"बरं, नाही मारत," भाचा म्हणाला. "पण मग हे तण आलं कुठून ते सांगा. महाशिवरात्रीला लॉन लावली तेव्हा इथे एक काडी नव्हती. तुमच्या अंगणात आजही नाही."

"माह्या आंगनात पानी नाई. अन् तुवा खत कोनाच्या उकिरड्यावरचं आनलं?"

"ट्रॉली मागवली होती. शेणखतच होतं."

"हातात घेऊन पाह्यलं होतं?"

पाहिलं नव्हतं. हिरवळीच्या एका कोपऱ्यात उरलेला ढीग अजून पडलेला होता. मामीने त्यातलं मूठभर उचललं आणि चुरलं. आत कडब्याच्या काड्या जशाच्या तशा, शेणाच्या पोवट्या आतून पिवळट, आणि कुजलेल्या खताला येतो तो मातीसारखा वास नाही. गुरांच्या पोटातून पुष्कळ बी जिवंत बाहेर पडतं. उकिरडा नीट रचला, ओलावा राखून पलटी दिली, की त्याची आतली धग साठ अंशांपर्यंत चढते आणि ते बी मरतं. अर्धवट कुजलेलं खत म्हणजे तणाची पेरणीच. भाच्याने ती पेरणी केली, वर नळी सोडली, आणि दोन महिन्यांनी औषधाच्या दुकानात गेला.

लव्हाळा मात्र खतातून आलेला नसावा. तो बहुतेक रोपवाटिकेतून, लॉनच्या तुकड्यांबरोबर, मातीत दडून आला. ते पाहण्यासाठी मामीने खुरपं मागवलं. लव्हाळ्याचं पान चकचकीत, गवतापेक्षा जरा गडद, आणि देठ बोटांत फिरवला तर तिधारी लागतो. भाचा ते रोज उपटत होता आणि चौथ्या दिवशी ते पुन्हा वर येत होतं. मामीने उपटलं नाही. खुरप्याचं टोक वीतभर लांब रोवून तिने माती उचलली आणि ढेकूळ हातावर फोडलं. आत काळसर दोऱ्यासारखी मुळी, तिला एक गाठ, पुढे पुन्हा दोरा, पुन्हा गाठ. गाठी चण्याएवढ्या, बाहेरून काळ्या, नखाने खरवडलं तर आत पांढऱ्या, आणि उटण्याचा वास. हाच नागरमोथा. वरचं पान ओढलं की दोरा तुटतो, गाठ खाली राहते आणि तिला नवा कोंब फुटतो. एका गाठीतून कोंब आला आणि तो खुडला, की गाठीतलं साठवण थोडं कमी होतं. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी न चुकता खणत राहणाऱ्याला लव्हाळा हरवता येतो. जो एकदा जोर करून महिनाभर विसरतो, त्याला नाही.

"वैशाखात वावर नांगरलं का आमी पंधरा-पंधरा दिवस हराळी अन् कुंदा वेचो," मामी म्हणाली. "ढेकळं उन्हात तापली पाह्यजेत, मुळ्या वर आल्या पाह्यजेत. मंग ढीग करून पेटवो. अन् तू पैसे देऊन हराळी आनली."

भाच्याला हे लागलं. "हिरवळीची जात हराळीचीच आहे हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच ती निवडली. थंड देशातलं गवत इथे एका उन्हाळ्यात जळून जातं. हराळी ऊन खाऊन जगते, पायाखाली तुडवली तरी उठते, आणि पाणी तुटलं तर पिवळी पडते पण मुळातून मरत नाही. तुम्हाला ती वावरात नको, कारण तिथे तुम्हाला कपाशी हवी. दारात मला तीच हवी. भाद्रपदात दूर्वा लागतात तेव्हा तुम्ही कुठून आणता?"

"बांधावरून," मामी म्हणाली, आणि मग थोडं थांबून, "या वर्सी इथून नेईन."

हिरवळीच्या कडेला, नळी गळते तिथे, जमिनीला चिकटून पसरलेलं एक बारीक मांसल पानांचं झाड होतं. लालसर देठ, तांदळाएवढी पानं. भाच्याच्या मोबाइलमधल्या यादीत ते तण म्हणून नोंदवलेलं. मामीने ते ओंजळभर खुडून पदरात टाकलं. ही चिवळ. वऱ्हाडात उन्हाळ्यात बाजारात तिचे वाटे लागतात, आणि मुगाची डाळ घालून केलेल्या चिवळीच्या भाजीवर उन्हाळ्यातली भाकर सरते. घोळ तिचीच मोठी बहीण. अंगणातल्या प्रत्येक आगंतुकाला शत्रू मानायचं ही सवय आपल्याकडे नव्हती. ती आपण अलीकडे, हिरवळीबरोबर, विकत आणली. आपल्या हिरवळीच्या मालकांनी चिवळीवर औषध मारून तीच चिवळ बाजारातून विकत आणावी, यासारखी दुसरी नासाडी नाही.

इथवर वादाचं पारडं मामीकडे होतं. मग भाच्याने तिला भिंतीपलीकडे, तिच्याच उकिरड्याकडे नेलं.

"हे काय आहे?"

"गाजरगवत. मी काल तुह्या भिंतीखालचं उपटून टाकलं."

"फुलावर असलेलं. उकिरड्यावर. आणि हातांनी."

मामीच्या मनगटावर पुरळ होती. ती तिने कणकेचं पीठ लागल्याची समजली होती. 1955 मध्ये पुण्यात ज्याची नोंद झाली ते हे झाड आज देशभर पसरलं आहे, आणि त्याच्या अंगातलं पार्थेनिन हे द्रव्य कातडीला खाज, चट्टे आणि काहींना दमाही देतं. एका झाडाला हजारो बिया येतात. फुलावर आलेलं झाड उपटून खताच्या ढिगावर टाकलं, तर ते सुकता सुकता बी पिकवतं आणि पुढच्या पावसाळ्यात ते खत ज्याच्या वावरात जाईल त्याच्या वावरात उगवतं. भाच्याचं बोलणं इथे खणखणीत होतं : "मामी, चिवळ ठेवा, घोळ ठेवा, पण याला दया नाही. फुलाआधी उपटायचं, जमीन ओली असताना, हातात पिशवी घालून. फूल आलंच असेल तर ढिगावर नाही, खड्ड्यात. आणि एक सांगतो, तुम्हाला आवडणार नाही. तुमचं झाडून चकचकीत केलेलं उघडं अंगण आणि त्याच्या बाहेरची उघडी पट्टी, हेच गाजरगवताला हवं असतं. त्याला स्पर्धा नको असते. जिथे दुसरं काही दाट उगवलेलं आहे तिथे त्याचा जोर चालत नाही."

या झाडावर जगणारा मेक्सिकन भुंगा 1984 मध्ये बेंगळुरूजवळ सोडण्यात आला आणि तो पुढे पसरला; पण तो पावसाळ्यातला कामकरी. उन्हाळ्यात तो मातीत निजतो. जबलपूरच्या तण-संशोधन संचालनालयाचा गाजरगवत जागृती सप्ताहही 16 ते 22 ऑगस्ट असा, पाऊस पाहून ठेवलेला. चैत्रात आपल्या नळीच्या पाण्यावर जे गाजरगवत वाढतं, त्याच्या मागे ना भुंगा असतो ना सप्ताह. ते आपलंच आणि आपणच काढायचं.

"मीठ मारलं तं?" मामीने विचारलं. "शेजारीन म्हने, मिठाच्या पान्यानं मरते."

"मरतं. पंधरा-वीस टक्के मिठाचं पाणी मारतात रस्त्याच्या कडेला. पण रस्त्याच्या कडेला कोणाला वांगी लावायची नसतात."

यावर मामीला जास्त समजावण्याची गरज पडली नाही. तिचं माहेर खाली, पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात आहे, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि ते पिकाला दिलं तर माती दगडासारखी बसते. सोनाळ्याचा पट्टा डोंगराच्या पायथ्याचा, गोड पाण्याचा, म्हणून इथे संत्र्याच्या बागा उभ्या आहेत. अशा मातीत आपल्या हाताने मीठ ओतायचं, हा विचारच तिला सोसला नाही.

मग पाण्याचा हिशेब निघाला, आणि तो मी मांडला, कारण दोघांनीही तो केला नव्हता. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. वीस बाय तीस फूट म्हणजे जवळजवळ 56 चौरस मीटर. वऱ्हाडातल्या मे महिन्यात हराळी हिरवी ठेवायला रोजचे सहा मिलिमीटर धरले, तर दिवसाला साधारण 335 लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटरचं आहे. म्हणजे ही हिरवळ सहा माणसांचं पाणी पिते, आणि त्यात तणही वाटेकरी.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मग काय करायचं? गट्टू लावायचे? अख्ख्या गल्लीने लावलेत. तण येत नाही म्हणतात."

"गट्टू नोको," मामी लगेच म्हणाली. "रात्री दहालेही तापेल असतात. अन् फटीतून गाजरगवत निंगतेच." मग तिने जे सांगितलं ते मला तिच्याकडून अपेक्षित नव्हतं. "लेकरासाठी हिरवं पाह्यजे, हे खरं हाय. फुफाट्यात लेकरू खेळवून मी पाह्यलं, सारा उन्हाळा नाक गळते. थोडं ठेव. दारापाशी दहा बाय दहा. बाकीचं पानी तोड. हराळी मरत नाई म्हनतं ना तू, मंग भेतं काहाले? मृगात उठन."

दहा बाय दहा म्हणजे रोजचे 55-56 लिटर, एका माणसाचं पाणी. त्या तुकड्यालाही रोज नळी दाखवण्यापेक्षा तीन दिवसांचं पाणी एकदम, पहाटे, खोलवर द्यावं. वरवरचं रोजचं पाणी वरच्या बोटभर मातीतलं तणाचं बी जागवतं आणि हराळीची मुळं आळशी करतं. कापायची तर पात्याचा वरचा तिसरा हिस्सा, त्याहून खाली नाही. जमिनीला सावली देणारी दाट हराळी स्वतःच तण दाबते. बुडखा उघडा पडला की ऊन मातीपर्यंत पोचतं आणि बी उगवतं.

भिंतीच्या कडेची पट्टी राहिली. तिथे भाच्याला पारदर्शक प्लॅस्टिक अंथरायचं होतं. माती खणून, भिजवून, वर पातळ कागद ताणून कडा मातीने बुजवल्या आणि एप्रिल-मेचे चार-सहा आठवडे तसंच ठेवलं, की आतली माती इतकी तापते की वरच्या थरातलं बहुतेक बी शिजून जातं. इस्राएलमध्ये सत्तरच्या दशकात ही रीत शास्त्रीयदृष्ट्या मांडली गेली, आणि ऊन हेच तिचं इंधन असल्याने ती आपल्याकडे चांगली चालते. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र तिला दबत नाहीत. मामीचा प्लॅस्टिकला विरोध होता, तो गेला नाही. तिचं म्हणणं, तसंच नांगरून उन्हात पडू दे, मृगाचा पहिला पाऊस पडला की जे उगवेल ते दोन पानांवर असतानाच खुरप्याने खरवडून टाक, आणि मग जे लावायचं ते लाव. शेतकरी याच रीतीने पेरणीआधी वखराची पाळी देतो. पट्टी अर्धी-अर्धी वाटून घ्यायचं ठरलं.

खरा पेच पुढे आला, भिंतीबाहेरच्या, रस्त्याकडच्या उघड्या जागेचा. भाच्याने कुठे तरी वाचलं होतं, आणि ते बरोबर आहे, की गाजरगवताच्या जागी तरोटा फेकला तर तो दाट उगवून त्याला दाबतो. मामीकडे तरोट्याच्या शेंगांची थैली होतीच. पहिल्या पावसातला कोवळा तरोटा तिच्या घरी दरसाल शिजतो.

"सगळं बी बाहेर टाकू," भाचा म्हणाला. "तुमच्या भिंतीपासून माझ्या फाटकापर्यंत."

"टाक. पन मोठा होऊ देजो नोको नुसता. फुलाआधी मी भाजीले तोडीन."

"तोडलात तर दाबणार कसा? तो वाढला पाहिजे, बी धरलं पाहिजे."

"खुडला का जास्त फुटते."

"सगळा खुडला तर नाही फुटत, मामी."

"भिंतीकडचा माहा, रस्त्याकडचा तुहा," मामी म्हणाली, आणि थैली आणायला आत गेली.